शेवंती खाटेवर पडली

धारगळच्या सगुणचं डावं अंग वाऱ्यानं गेलं, तेव्हापासून त्याच्या बायकोला, शेवंतीला, आडवी झालेली कोणी पाहिलं नव्हतं. ती उभ्यानंच झोपायची. चुलीपुढे घोरत घोरत पेज ढवळताना मी तिला या डोळ्यांनी पाहिलंय, आणि पेज बुडाला लागलीही नव्हती.

त्यात आजाऱ्याला बघायला येणारे. केळी आणायची, चहा ढोसायचा. केळी एवढी साठली की शेजारची म्हैससुद्धा तोंड फिरवी. खाटेशी वाकून जो तो विचारी, "सगुणदादा, बरा आसा ना?" आणि मागे वळून, "वहिनी, साखर कमी हां."

एका दुपारी शेवंतीनं नवऱ्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्या खाटेवर स्वतः आडवी झाली.

"अगो, लोक येतले!"

"येवंदेत. माका निजाक व्हया. तोंड तुमचा धड आसा, तुमीच बोला."

शेजारची सुविधा आली आणि दारातच किंचाळली. सगुण गडबडला. "जरा ताप आसा तिका."

"आणि अशा अंगान तुमी तिची सेवा करतात? देवमाणूस!"

संध्याकाळी बातमी पेडण्यात पोचली. मांद्र्याला जाईस्तोवर सगुण एका हातानं बायकोची वेणी घालू लागला होता.

मग काय! बाप्या माणूस रांधणार कसा, म्हणून घरोघरचे डबे सुरू झाले. भात, माशाचं हुमण, तळलेले बांगडे. शेवंती एकटी राबत होती तेव्हा कोणाच्या घरून लोणच्याची फोड आली नव्हती. बायका केर काढू लागल्या. देवमाणूस दमू नये म्हणून गावच्या मंडळाचे बाप्ये त्याला आंघोळ घालू लागले. शेवंतीच्या घोरण्यानं छपराची सगळी कौलं सरकली म्हणतात, ते साफ खोटं. दोनच सरकली.

शेवटी मंडळाचा अध्यक्ष रुद्रेश सांगायला आला, "रविवारी तुमचो सत्कार. आदर्श पती म्हणून शाल, नारळ."

तो गेल्यावर शेवंती उठून बसली. "पुरे झाला. झोप भरली माझी. उद्या कामाक लागतंय."

सगुणचा चेहरा पडला. "तू उठलंस तर शाल कोण देतलो माका?"

"मगे, रविवारपर्यंत पडान रवू?"

सगुणनं विचार केला. सोमवारचाही केला. एवढ्यात दारात सुविधा डबा घेऊन उभी राहिली. "वहिनी कशी आसा?"

"काय सांगू," सगुणनं उजव्या हातानं शेवंतीला हळूच मागे लोटलं. "डॉक्टर म्हणता, वर्षभर तरी उठाक देऊ नका."

शेवंतीनं डोळे मिटले आणि ती मनापासून कण्हली.