पाणी न पिणारा टॉवेल

त्या उन्हाळ्यात पडेगावात विशाखासमोर अंगभर कपडे घालून उभं राहायची सोय उरली नव्हती. कुणी भेटलं की ती आधी बाही चिमटीत धरायची, दोन बोटांत चोळायची, आणि मग विचारायची, "काय, बरं हाय ना?" गॅसवाल्याच्या सदऱ्याचा कोपरा तिनं एवढं मन लावून चोळला की तो बिचारा सिलिंडर दारात टाकून पळाला. पुढचं सिलिंडर द्यायला आला तो बायकोला सोबत घेऊन. आणि तिच्या साडीचाही पदर विशाखानं चोळून पाहिलाच.

विशाखा ब्लाउज शिवायची. हात असा साफ की छावणीपासूनच्या बाया तिच्याकडं यायच्या. पण ब्लाउज शिवणारीला कापड दिसतं कसं आणि ताणतं किती एवढं कळलं म्हणजे भागतं. ते पाणी किती पितं, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता तेवढंच समजून घ्यायचं होतं, आणि दिवस तर चालले होते उतारावरच्या गाडीसारखे.

सगळं मेघापायी. मेघा म्हणजे तिची धाकटी नणंद, एसटीत कंडक्टर. सकाळी शहरातून कन्नड, कन्नडहून शहर, की पुन्हा कन्नड. ही पोरगी पाळण्यात असताना पाळणा थांबला की जागी व्हायची, आणि बैलगाडीत टाकली की गावापर्यंत डोळा उघडायची नाही. चाकावरचं माणूस. शाळेत बाकावर बसायची शिक्षा झाली तर तिला ताप भरायचा, आणि वर्गाबाहेर काढली की उतरायचा. एसटीत लागली त्या दिवशी भामाबाई, म्हणजे तिची माय, म्हणाली होती, "आता माझी लेक एका जागी राहील. सारखी हलत राहील, पण गाडीतच राहील."

महिन्यातले चार दिवस मात्र तिला ही गाडी नको व्हायची. दुकानातल्या पॅडला वर जाळी, खाली प्लास्टिक, त्यात बाहेर ऊन, आणि पायाखाली इंजिनाची धग. दिवसभर उभं राहून, गर्दीत घुसून, पायऱ्या चढून-उतरून मांड्या सोलून निघायच्या. संध्याकाळी ती पाय फाकून घरात शिरायची तेव्हा भामाबाई म्हणायची, "आली माझी रिकामी बैलगाडी." म्हणायची हसत, पण खोबरेल तेलाची बाटली आधीच काढून ठेवलेली असायची.

चैत्रात एकदा मेघा तेल लावता लावता म्हणाली, "वहिनी, सायबाला सांगते. चौकशीच्या खिडकीवर बसवा म्हणते मला."

"खिडकीत? तू?"

"मग काय करू? रस्त्यानं कातडं सांडत जाऊ?"

विशाखाच्या डोळ्यांपुढं ती खिडकी उभी राहिली. आत मेघा बसलेली, बाहेरून गाड्या सुटतायत, आणि ही माईकवर दुसऱ्यांच्या गाड्यांची नावं घेतेय. "मी शिवते तुला," ती बोलून गेली. "कापडाचं. धुवून वापरायचं. शिवतात बाया हल्ली, मी मोबाईलवर बघितलंय. फक्त कापड सापडायला पाहिजे."

"कापडाचं?" चुलीपासून भामाबाई कडाडली. "जुनेराचं का?"

"मऊ लागतं ना आत्या. तुमचं एखादं जुनं लुगडं..."

"खबरदार!" भामाबाई उठूनच आली. "माझं लगीन झालं तवा पाटलाच्या घरची उतरलेली लुगडी मिळायची. पाटलिणी हातात नाय द्यायच्या, भिंतीवरून टाकायच्या. ती अंगावर फाटली की त्याच्याच चिंध्या त्या चार दिवसांत. एका चिंधीत चोळीचा हूक राह्यला होता. अजून टोचतो मला तो, कळलं का? माझ्या लेकीच्या अंगाला जुनेर लागणार नाय. शिवायचं तर कोरं शिव."

आणि तिनं स्वतःच्या हातानं पत्र्याची पेटी उघडली.

पेटीत आहेर होता. लग्नाकार्यात आलेले टॉवेल आणि ब्लाउजपीस. हे कापड कुणी वापरायचं नसतं, पुढच्या लग्नात पुढं सरकवायचं असतं. त्यातला एक निळ्या काठाचा टॉवेल तर अवघ्या जिल्ह्यात मानकरी होता. गंगापूरला नवरदेवाच्या मामाला गेला, मामाकडून फुलंब्रीला, तिथून पैठणला. दोनदा तर ज्यांनी दिला त्यांच्याच घरी परत आला, आणि त्यांनीही ओळख दाखवली नाही. एवढा प्रवास मेघाच्या गाडीचाही झाला नसेल. आणि एवढ्या साऱ्या प्रवासात त्याला पाण्याचा थेंब म्हणून लागला नव्हता.

"मानाचं कापड हाय," भामाबाई म्हणाली. "ह्याचं कर."

"धुवून घेते मग आधी."

"येडी का? पाण्यात घातलं की कोरेपण गेलं त्याचं. पोरीच्या अंगावर पयल्यांदाच चढू दे."

विशाखानं ऐकायला नको होतं. पण सासूनं आपण होऊन पेटी उघडलेली, वर मानाचा टॉवेल दिलेला. नाही कोण म्हणणार? तिनं टॉवेल कापला, थर लावले, आणि खालून काही झिरपू नये म्हणून मोडक्या छत्रीचं कापड जोडलं. शिलाई अशी झाली की स्वतःच मशीनवरून उठून लांबून पाहिली.

पुढच्या पाळीत मेघा ते लावून गाडीवर गेली. दौलताबादच्या अलीकडंच पहिली भानगड झाली. छत्रीचं कापड ते, मेघा वळली की कुरकुर, चढली की कुरकुर. मागच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "कंडक्टरबाई, एकट्याच चिवडा खाता व्हय? इकडं पण द्या थोडा." सगळी गाडी हसली, मेघाही हसली. दौलताबादचा घाट चढेपर्यंत निम्मी गाडी पिशव्यांतून चिवडा शोधत होती, आणि म्हणे एकाला सापडलाही.

वेरूळनंतर मात्र हसू संपलं. मानकरी टॉवेलनं थेंबसुद्धा घेतला नाही. पाहुणा तो! आलं ते त्यानं पुढं सरकवलं; आयुष्यभर दुसरं केलं होतं काय? मेघाच्या खाकी कपड्यावर डाग उतरला. तिला कळलं ते एका म्हातारीनं पाठीशी येऊन आपली भाजीची पिशवी मध्ये धरली तेव्हा. कन्नड येईपर्यंत ती म्हातारी गाडीभर मेघाच्या मागं मागं फिरली. मेघा तिकिटं फाडतेय, मागं म्हातारी, तिच्या हातात मेथीची जुडी बाहेर डोकावतेय.

त्या दिवशी मेघा घरी येऊन चिडली असती तर विशाखाला बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. कपडे भिजत घातले, जेवली, आणि म्हणाली, "वहिनी, तू लई केलंस. पुढची पाळी आली की भेटते सायबाला. आता बास."

तेव्हापासून विशाखाचा पाय ठरेना. मशीनवर बसली की उठायची, उठली की मशीनकडं बघायची. गिऱ्हाइकाच्या एका ब्लाउजला तिनं दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या. गुलमंडीत जाऊन कापडाची दुकानं पालथी घातली. पॉलिस्टर नको, चमकतं ते नको, सॅटिन तर नकोच. शेवटी एका दुकानात मांजरपाट पसंत पडला. साधा, सुती, जाडाभरडा. दुकानदाराची पाठ वळली तशी तिनं बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. पाणी थबकलं, गोळा झालं, आणि कापडावरून घरंगळत खाली दुकानदाराच्या चपलेत गेलं.

"अरे दीदी!" दुकानदार ओरडला. "कपडा है, रोप नाय! पानी काय को घालतंय?"

"पीत नाय की हे!"

"नया है. कल पैदा हुआ बच्चा रोटी खाता क्या?"

भिजलेला मांजरपाट तिच्याच गळ्यात पडला, भिजवला म्हणून विकत घ्यावा लागला. वर तिनं थोडं सुती, लवदार फलालीनही घेतलं, न भिजवता. घरी येईपर्यंत दुकानदाराचं बोलणं डोक्यात घोळत राहिलं. दुपारी तिनं वाटीत पाणी घेतलं आणि घरातल्या एकेका कापडावर थेंब सोडत सुटली. उरलेल्या आहेराच्या टॉवेलवर सोडला, तर थेंब गोटीसारखा गडगडत उंबऱ्याबाहेर गेला आणि कोंबडीनं तो टिपला. नव्या चादरीवर तेच. उशीच्या जुन्या अभ्र्यावर थोडा जिरला. पायपुसण्यावर बरा जिरला.

भामाबाई भिंतीला टेकून झोपली होती. पदर तोंडावर. लुगडं किती वर्षांचं होतं देव जाणे, धुऊन धुऊन असं मऊ झालेलं की श्वासासरशी पदर वरखाली व्हायचा. विशाखा वाकली. एक थेंब सोडला. थेंब कापडाला लागला न लागला तोच नाहीसा! दुसरा सोडला, तोही गेला. तिसऱ्याला तिनं वाटीच कलती केली.

भामाबाई दचकून उठली. पदर ओला, हनुवटीवरून पाणी, समोर सून वाटी धरून बसलेली.

"काय गं भवाने! मेले का मी? तोंडात पाणी घालाया बसलीस!"

"आत्या, पितंय!" विशाखा आनंदानं ओरडली. "तुमचं लुगडं पितंय!"

मग तिनं एका दमात सगळं सांगितलं. नव्या कापडाला खळ असते, ती पाणी आत येऊ देत नाही. कापडाला पाण्याची सवय लागावी लागते, दहादा भिजावं तेव्हा ते प्यायला शिकतं. "म्हणून जुनेर लागतं आत्या. दुसऱ्या कुणाचं नाय, तुमचं. तुम्हीच कोरं घेतलेलं, तुम्हीच वापरलेलं. भिंतीवरून कुणी टाकलेलं नाय."

ओला पदर भामाबाईनं पिळला, पण पिळण्यासारखं काही निघालं नाही, सगळं कापडानं ठेवून घेतलेलं.

"माझं झालं तरी उतरलेलंच ते," ती म्हणाली. "नाय द्यायची. तो मांजरपाट कुठाय?"

"पण आत्या, तो नवा..."

"नवाच पायजे. जुनं मी करते त्याला. मला जुनं व्हायला जनम गेला, त्याला चार दिवस लई झाले."

आणि मग जे सुरू झालं ते पडेगावानं कधी पाहिलं नव्हतं. पातेल्यात धुण्याचा सोडा घालून मांजरपाट आणि फलालीन उकळलं. दगडावर आपटलं, धोपाटण्यानं बडवलं, उन्हात वाळवलं, की पुन्हा पातेल्यात. सकाळ-संध्याकाळ धबाधब, धबाधब. दौलताबादच्या किल्ल्यावरच्या तोफेला वाटलं मोहीम निघाली, ती म्हणे इंचभर इकडं वळली. भामाबाई मारायची ते नुसतं कापडाला मारत नव्हती. मध्येच दात आवळून "घे, हुकाच्या!" म्हणायची. विशाखा पाणी ओतायची.

चौथ्या दिवशी थेंब टाकला. गप्पकन गेला. कापड वीतभर आटलं होतं, बरं झालं आधीच आटलं. विशाखानं आत फलालीनचे थर घातले, वर मांजरपाट, खाली छत्रीऐवजी दाट विणीचं पॉपलीन. शिवलेले पॅड धुवून दोरीवर वाळत घातले तर शेजारची कडूबाई कुंपणावरून म्हणाली, "काय गं ही, घोड्याची झापडं का? टांगा घेतला का तुम्ही?"

"व्हय," भामाबाई म्हणाली. "आमच्या घोडीला लागत्यात. लई पळती."

मेघा मात्र हातात घेऊन नुसती बघत राहिली. "पुन्हा तसंच झालं तर, वहिनी?"

विशाखानं शिवणीचा उरलेला दोरा दातानं तोडला.

पाळीच्या दुसऱ्या दिवशी मेघा ते लावून गेली, म्हणाली, परतीला सायबाला भेटूनच येते. विशाखा दुपारपासून पडेगावच्या थांब्यावर. सावलीत गेली की रस्ता दिसायचा नाही, रस्त्यावर आली की ऊन. कन्नडची गाडी आली तशी कुणी उतरायच्या आत ती चढली.

"वहिनी? तू कुठं निघालीस?" मेघा तिकिटाचं मशीन धरून उभी.

"स्टँडवर. बायकांचं अर्धं तिकीट दे."

मेघानं तिकीट दिलं आणि पुढं गेली. विशाखा मान वाकडी करकरून तिच्या पाठीकडं बघत राहिली. खाकी कोरडी होती. चाल? गर्दीत चाल कळेना. छावणी गेली, मिल कॉर्नर गेला. मेघा एकदाही वळली नाही. स्टँडवर गाडी लागली, मेघा उतरली ती थेट ऑफिसकडं. विशाखा धावली, पण दार लागलं होतं. ती दारासमोर अशा येरझाऱ्या घालायला लागली की एका प्रवाशानं तिलाच विचारलं, "बाई, पुण्याची कितीला सुटती?"

मेघा बाहेर आली.

"काय सांगितलंस?"

"कन्नडची गाडी सोडते म्हणलं."

"म्हणजे खिडकीच घेतलीस?" विशाखानं तिची बाही धरली.

"चाळीसगावची द्या म्हणलं," मेघा म्हणाली. "घाट उतरून. दिवसभराची. सायेब म्हणले, लांब हाय, झेपंल का? म्हणलं, आता झेपंल."

"मुडदा बशिवला तुझा! आधी सांगाया काय झालं? जीव गेला माझा सगळ्या वाटेनं!"

"पण वहिनी, मध्ये लई जाड केलंयस. बसलं की लागतं."

"एक थर काढते," विशाखा लगेच म्हणाली. "नाय तर फलालीन पातळ घेते. कडेला दोन, मध्ये एक. थांब, उद्याच..."

"अगं, पण मी बसते कुठं!"

मेघा हसत गाडीच्या पायऱ्या चढली, पटापट, दोन-दोन पायऱ्या एकदम. घंटी दोनदा वाजली आणि गाडी मागं सरकली. विशाखाला पडेगावला जायला समोरच गाडी उभी होती. पण चाळीसगावला दिवसभर म्हणजे अजून चार-पाच पॅड तरी लागणार, आणि गुलमंडी काही फार लांब नव्हती. गाडीत बसून राहणं तिला होईना. ती गुलमंडीकडं चालतच निघाली.