जयाबाईचा महिना

तेजस्वीचा साखरपुडा ठरला तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. तिच्या आईची, म्हणजे माझ्या जयाबाईची कर्णफुलं मोडून केलेली अंगठी. जयाबाईला जाऊन आता सव्वा वर्ष झालं.

"आप्पा, हे बघा," म्हणून पोरीनं मोबाईल पुढं केला. सोन्याच्या वेलीची दोन पानं आणि मध्ये निळाशार नीलम. "ज्याचा जन्म ज्या महिन्यातला, त्याचा तसला खडा. नीलम सप्टेंबरचा. पण आईचा जून, म्हणजे मोती."

"तुला निळा आवडलाय न्हवं?"

"आवडलाय. पण अंगठी आईची, तर खडाबी आईचाच पायजे."

आधारकार्डावर जयाबाईची तारीख एक जून आहे. माझीही एक जून. शेजारच्या कल्लाप्पाचीही तीच. आमच्या वेळी पोर शाळेत घातलं की मास्तर सरसकट तीच तारीख लिहायचे. तेव्हा हा महिना काही खरा नव्हे. मग खरा कुठला? बत्तीस वर्षं एका घरात काढली आणि मी तिला कधी विचारलं नाही. पोरीच्या बोटात खोट्या महिन्याचा खडा घालायला माझं मन होईना. खासबागच्या सोनाराला म्हटलं, चार दिवस थांबा. आणि चिकोडीची बस धरली. जयाबाईची थोरली बहीण नागुबाई तिथं असते.

ती सोप्यात शेंगा फोडत बसली होती.

"आक्का, जया जन्मली कधी?"

"आत्ता इचारताय व्हय, पावणं? लगीन ठरताना इचारायचं!"

"सांगा की."

"म्हाळाच्या दिवशी. पितरांसाठी वडं तळाय घेतलं, आन् आईला कळा सुटल्या. कावळ्याला पान ठेवायचं समदी इसरली. आजी वरडाय लागली, पितरं उपाशी बसल्यात! पितरांच्या पंधरवड्यातली पोर म्हणून कुणाला सांगायचं न्हाय, असं ठरलं."

"पण महिना?"

"त्या साली गणपती लवकर आलतं. सप्टेंबरच की."

"सप्टेंबर!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की शेंगांवर टपलेली कोंबडी पळाली. "आणि साल?"

नागुबाईचा हात थांबला. "ते नगा इचारू. रागावशीला."

"आता कुणावर रागावू, आक्का?"

"तुमच्यापेक्षा दीड वर्सानं थोरली हुती ती. शाळंत उशिरा घातली, म्हणून मास्तरांनी वय कमी लिवलं. लगनात आमी तेच कागूद दावलं."

"तिला ठावं होतं?"

"ठावं? हळदीला बसल्याली, पोट धरून हसत हुती!"

बस स्टँडवरून तेजस्वीला फोन लावला. "खडा निळाच," म्हणालो. मग उरलेलंही सांगितलं. पलीकडं ती जी हसायला लागली!

"म्हणजे आई तुम्हाला 'ल्हान पोरागत करू नगासा' म्हणायची, ते खरंच होतं की, आप्पा!"

बसमध्ये बसल्यावरही मला हसू आवरेना. शेजारच्या बाईनं जरा सरकून विचारलं, "काय झालं, अण्णा?"

"काही नाही," मी म्हणालो. "बायको माझ्यापेक्षा मोठी निघाली."