नायकाचं तिसरं पीस

आर्नसे बेटावरच्या मॅकोर्डी कुळाचा नायक लॉखलन मॅकोर्डी कुळमेळाव्याच्या दिवशी सकाळी टोपी घालायला गेला, तेव्हा टोपीत दोनच पिसं होती. तिसऱ्याचा देठ ब्रॅनच्या तोंडात होता आणि बाकीचं पीस ब्रॅनच्या पोटात. ब्रॅन हा हरणांच्या शिकारीसाठी पोसलेल्या जातीचा उंच कुत्रा. बेटावर हरणं नसल्यामुळे तो मिळेल त्यावर भागवत असे.

दुसऱ्या कुठल्या देशात एका पिसाने काही बिघडलं नसतं. इथे मात्र माणसाची पायरी टोपीवर लिहिलेली असते. साध्या कुळबंधूच्या टोपीला नुसता बिल्ला: गोल पट्टा, त्याला बक्कल, मध्ये सीलचं डोकं आणि भोवती कुळाचं ब्रीद, 'मागे हटणार नाही.' (कूळ तीन मोठ्या लढायांना निघालं होतं आणि तिन्हींना उशिरा पोहोचलं, त्यामुळे ब्रीद आजही शाबूत आहे.) शाखेच्या पुढाऱ्याला बिल्ल्यामागे गरुडाची दोन पिसं. आणि तीन पिसं अख्ख्या कुळात एकाच माणसाला.

दोन पिसांवाला एकच होता, तो म्हणजे लॉखलनचा चुलतभाऊ टॉर्क्विल. आपली शाखा थोरली आणि लॉखलनची धाकटी, असं टॉर्क्विलचं गेली तीस वर्षं म्हणणं होतं. ते सिद्ध करायला त्याच्याजवळ काही नव्हतं. खरं म्हणजे लॉखलनजवळही काही नव्हतं. त्याच्याजवळ तिसरं पीस होतं.

"दोन पिसांनी मैदानात गेलो, तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?" लॉखलन खुर्चीत बसत म्हणाला.

"तू जाडा आहेस," त्याची बायको ऊना म्हणाली.

"थट्टा नको, ऊना. तो आज सगळ्यांसमोर विचारणार, की बाबा रे, आपण दोघं सारखेच दिसतो, तर पुढे कोण चालणार? कॅनडाहून कुळाची माणसं आलीयत. आणि वर तो एनियस मॅकग्रीश पाहुणा म्हणून येतोय."

"मग गरुडाचं दुसरं पीस लाव."

"आणू कुठून? गरुडाला हात लावला तर तुरुंगात टाकतात."

 ऊना मागच्या दारी गेली आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी पडलेलं समुद्रपाखराचं एक लांब पांढरं पीस घेऊन आली. ते तिने बिनदुधाच्या कडक चहात बुडवून ठेवलं, मग चुलीच्या दांडीवर वाळवलं आणि टोपीत खोचलं. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं तर गरुड वाटत होता. चार पावलं मागे गेलं तर फारच गरुड वाटत होता.

"कुणाला जवळ येऊ देऊ नकोस," ती म्हणाली.

मेळाव्याचं मैदान माणसांनी भरलं होतं. जो तो कुळाच्या हिरव्या-पिवळ्या चौकडीचा घागऱ्यासारखा किल्ट नेसून आला होता. कॅनडावाल्यांचे किल्ट सगळ्यांत नवे आणि सगळ्यांत कडक इस्त्रीचे. बॅगपाइपवाल्यांनी सूर धरला, लॉखलन पुढे निघाला. मागे टॉर्क्विल, त्याच्या मागे कूळ. टॉर्क्विलने पिसं मोजली, तीन भरली, आणि तो गप्प राहिला. सगळं सुरळीत चाललं होतं आणि तेवढ्यात, ज्याला बेटावर कुणी पाऊस म्हणत नाही, तो पाऊस सुरू झाला.

मांडवापर्यंत पोहोचेतो लॉखलनच्या कपाळावरून चहाचा ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. मांडवात शेजारच्या कुळाचा नायक एनियस मॅकग्रीश व्हिस्कीचा पेला घेऊन उभा होता. मॅकग्रीशांनी पूर्वी मॅकोर्डींची गुरं पळवली होती आणि त्यावरची त्यांची गाणी अजून लग्नात म्हणतात.

"लॉखलन," एनियस मोठ्याने म्हणाला, "तुमच्या गरुडाला चहा लागतो वाटतं. आणि धुतल्यावर तो थेट बंदरावरच्या पाखरासारखा दिसतो. माझ्या हातातून चिप्स पळवतं ना, ते."

मांडवातली सगळी डोकी टोपीकडे वळली. लॉखलनने बाहीने नाक पुसलं.

तेव्हा टॉर्क्विल पुढे आला. घरातलं भांडण मॅकग्रीशांसमोर काढायचं नाही, हे मॅकोर्डी पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

"ते बंदरावरचंच पाखरू आहे," तो म्हणाला. "मुद्दाम लावलंय. मॅकग्रीशांना कसं ठाऊक असणार म्हणा. आणि तो चहा नाही, आमच्या ओढ्याचं पाणी आहे. दलदलीतून येतं, म्हणून तांबूस. त्यात बुडवूनच लावतात."

"कशासाठी?"

"आठवण म्हणून. दोन भाऊ होते, इवर आणि सॉर्ली. होडी धुक्यात सापडली. एक पाखरू डोलकाठीवर बसलं आणि त्याने त्यांना या बेटाला लावलं. तिथून आमचं कूळ." कॅनडाच्या बायकांनी फोन वर धरले. टॉर्क्विलला रंग चढला. "पाखरू दिसलं ते थोरल्याला, इवरला. माझा पूर्वज. धाकटा सॉर्ली होडीच्या तळाशी घोरत पडला होता. तो यांचा पूर्वज." आणि मग अगदी गोड आवाजात, "होय ना, नायक?"

तीस वर्षांत त्याने लॉखलनला नायक म्हटलं नव्हतं.

लॉखलनने विचार केला. नाही म्हणावं, तर पाखरू, चहा आणि ब्रॅन हे तिघंही मॅकग्रीशांच्या गाण्यात जाणार. होय म्हणावं, तर आपली शाखा धाकटी, आपल्याच तोंडाने, तेही कॅनडापर्यंत.

"होय," तो म्हणाला. टॉर्क्विलचे खांदे वर आले. "पण शेवट राहिला. टॉर्क्विलला तो सांगताना भरून येतं, म्हणून मी सांगतो. पाखरू दिसताच इवरला इतका आनंद झाला, की त्याचे आभार मानायला तो होडीत उठून उभा राहिला. तोल जाऊन तिथेच पाण्यात गेला बिचारा. अविवाहित."

बायकांच्या घोळक्यातून सुस्कारा आला.

"मग टॉर्क्विल कुणाचे?" एका कॅनडावाल्या बाईंनी विचारलं.

"तिसऱ्याचे. सगळ्यांत धाकट्याचे. तो घरी होता, त्याला होडी लागायची."

टॉर्क्विल काही बोलणार होता. पण एनियस मॅकग्रीश पेला खाली ठेवून अतिशय आशेने त्याच्याकडे पाहत होता. अर्धी गोष्ट खोटी म्हणायची तर उरलेली अर्धी कुणी सांगितली, हा प्रश्न आलाच असता.

"होय," टॉर्क्विल म्हणाला. "तसंच ते."

कॅनडावाल्या बाईंचे डोळे भरून आले. पुढच्या वर्षी इवरच्या नावाचा दगड किनाऱ्यावर उभारायचा आणि तो टॉर्क्विलच्या हस्ते, असं त्यांनी जागच्या जागी सुचवलं आणि ते टाळ्यांनी मंजूर झालं. मग इवरसाठी सगळ्या कुळाने टोप्या काढल्या. एनियसलाही काढावी लागली. पाइपवाल्याने शोकाची धून सुरू केली.

दोघे चुलतभाऊ शेजारी शेजारी, बोडक्याने, मान खाली घालून उभे होते.

"निदान लग्न तरी होऊ द्यायचं होतंस त्याचं," टॉर्क्विल ओठ न हलवता म्हणाला.

"वेळ कुठे होता," लॉखलन म्हणाला. "भरती आली होती."