दहापैकी किती

पंचसाहेबांनी पँट गुडघ्याच्या वर ओढली आणि लाकडी पायरीवरून एक पाऊल खाली ठेवलं. चेहरा असा, की शेंबड्या पोरांच्या नाटकात उभं केलंय जणू.

"हळू. परत एकदा," फिजिओ म्हणाली.

"शेकायचं मशीन-बिशीन नाही का तुमच्याकडे? नुसतं नाचवताय!"

"दुखलं? दहापैकी किती?"

"सात."

वीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकलेला माणूस हो! उद्या सकाळी धावण्याची चाचणी, नापास झाले की शिट्टी जाणार, तीही पंच संघटनेच्या सेक्रेटरीच्या त्या बिनडोक भाच्याकडे. आणि इथं काल-परवा पास झालेली ही पोरगी आरशात त्यांचे पाय बघत बसलेली.

"उतरताना गुडघा आत पडतोय तुमचा. दुखतंय वाटीभोवती, पण कमजोर आहेत खुब्याचे स्नायू."

"वा! म्हणजे उद्या दात दुखला तर कोपर दाबाल."

ती हसली नाही. अंगठ्यानं वाटी किंचित आत ढकलली आणि वरून रुंद पट्टी ताणून चिकटवली.

"ही तात्पुरती. खरं काम व्यायामाचं, सहा आठवडे. आता उतरा."

साहेब उतरले. परत चढले, परत उतरले. आणि काय सांगू, कळ गायब! ओठ हसायला लागलेच होते, तेवढ्यात त्यांनी मिशीखाली दाबून टाकले. हिच्या चिकटपट्टीनं? बरणीला लावतात तसल्या?

"दहापैकी?"

"सात. काडीचा फरक नाही."

"बरं." तिनं सर्रकन पट्टी ओढली, केसांसकट.

"आई गं! अहो, काढली का?"

"फरक नाही ना? मग ठेवून काय उपयोग? फक्त व्यायाम लिहून देते."

ती वळून लिहायला लागली. साहेबांनी वर ओढलेली पँट अर्धी खाली सोडली. थांबले. एक पाऊल त्या पायरीवर टाकून पाहिलं आणि गुपचूप मागे घेतलं.

"मगाचं परत विचारा," ते भिंतीवरच्या हाडांच्या चित्राला म्हणाले.

"काय?"

"आकडा हो!"

तिनं पेन ठेवलं.

"दहापैकी किती?"

साहेबांनी आधी दार लागलंय ना ते बघितलं.

"एक," ते पुटपुटले. मग घसा खाकरून म्हणाले, "दीड लिहा."