उपवासाचं मीठ

काट्यावर ५७.६ हा आकडा लागला आणि महेश सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"नऊशे ग्रॅम! सविता, नऊशे ग्रॅम जास्त! आणि नऊ वाजता वजन द्यायचंय!"

सकाळचे सहा वाजले होते. सविता माझ्या ओट्यावर त्या काट्यावर उभी होती, आणि मी दारात, हातात पूजेची परडी घेऊन. मला बोलता येत नव्हतं. उठल्यापासून ते आमच्या कॉलनीतल्या दत्तमंदिरात औदुंबराला एकशे आठ प्रदक्षिणा पुऱ्या होईपर्यंत माझं मौन असतं. तेरा वर्षं झाली, तापात कण्हतानाही मी ते मोडलं नव्हतं.

सविता माझी भाडेकरू. सुरगाण्याकडची मुलगी, चार वर्षांपूर्वी कॉलेजसाठी नाशिकला आली आणि आमची सिडकोतली माडीवरची खोली तिने घेतली. कबड्डी खेळायची. मग एक दिवस महेश सरांच्या जिममध्ये जायला लागली आणि मला येऊन सांगते, "मावशी, आता मी एमएमए शिकते. कुस्ती, बॉक्सिंग, लाथा, सगळं एकातच. जाळीच्या पिंजऱ्यात लढायचं."

"पिंजऱ्यात?" मी घाबरलेच.

"हां. पण कुलूप नसतंय त्याला!"

पहिल्याच लढतीत पुण्याच्या आरोही नावाच्या मुलीने चाळीस सेकंदांत तिचा हात असा पिळला, की घरी आली ती गळ्यात झोळी अडकवून. मला वाटलं, बरं झालं, सुटली एकदाची. दुसऱ्या दिवशी ही माझ्यापुढे पाठ करून बसली. "मावशी, एका हाताने वेणी येत नाय. घालून द्या, जिमला जायचंय." हात बरा होईपर्यंत ती रोज तिथे खुर्ची टाकून नुसती बघत बसली! तेव्हापासून प्रत्येक लढतीची वेणी मीच घालते. सहा घट्ट पेड, एकही केस सुटता कामा नये. त्यानंतर सहा लढती झाल्या आणि सहाही तिने जिंकल्या.

आणि आता पट्ट्याची लढत, जिंकेल तिला चॅम्पियनचा पट्टा. तीही नाशिकमध्ये, आणि समोर तीच आरोही, दोन वर्षांची चॅम्पियन. एरवीच्या लढतीत वजनाला अर्ध्या किलोची सवलत मिळते. पट्ट्याच्या लढतीत मात्र ५६.७ म्हणजे ५६.७. काटा जरा जरी वर सरकला, तर जिंकूनसुद्धा पट्टा मिळत नाही.

"बाहेर काय खाल्लंस?" महेश सर विचारत होते. "पाणीपुरी? वडापाव?"

"काही नाय, सर. आईशप्पथ."

"मग एवढं पाणी धरलं कुठून शरीराने? चार दिवस मीठ बंद सांगितलं होतं ना? मिठाशिवाय हे होत नाही. मला शिकवू नकोस! तीन वर्षं मी तुझ्यासाठी घासतोय आणि तू..."

सविताची मान खाली गेली.

मीठ. अगंबाई, मीठ!

चार दिवस तिचा स्वयंपाक मीच केला होता. उकडलेला दुधी, काकडी, मुगाचं पाणी. पहिल्या दिवशी तिने एक घास तोंडात घातला आणि तिचे डोळे भरून आले. "गवत लागतंय, मावशी." माझ्याने बघवलं नाही. मी डब्यातलं चिमूटभर सैंधव त्यावर भुरभुरवलं. रोज भुरभुरवलं, दोन्ही वेळा. आमच्याकडे सैंधवाला कोणी मीठ म्हणतच नाही. एकादशीला, चतुर्थीला चालतं ते. जे उपवासाला चालतं, ते मीठ कसं? माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. आणि ही पोर मिटक्या मारत म्हणायची, "तुमच्या हाताला चव हाय हो!"

हातवारे करून सांगता आलं असतं. पाटीवर लिहून दाखवता आलं असतं. पण ती मान खाली घालून दुसऱ्याची बोलणी खात होती आणि मी व्रत सांभाळत कागद शोधायचा?

"मीठ मी घातलं," मी म्हणाले.

दोघंही दचकले. त्या वेळेला माझा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

"काकू, तुम्ही?"

"सैंधव घातलं, सर. उपवासाला चालतं ते."

महेश सरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदा आभाळाकडे पाहिलं. "काकू, उपवासाला चालतं. काट्याला नाही चालत!"

सविताने तोंडावर हात घेतला. मला वाटलं, रडतेय. बघते तर हसत होती! "म्हणून चव होती व्हय!" आणि हसता हसताच मग तिला रडू फुटलं.

वेळ कुठे होता? सरांनी तिला घाम काढायचा तो रबरी सूट चढवला, वरून दोन जॅकेटं, डोक्याला टोपी, आणि समोरच्या मैदानाला फेऱ्या मारायला लावलं. मी कठड्याशी उभी होते. दुसऱ्याच फेरीत ती मट्‌कन खाली बसली. चार दिवसांची अर्धपोटी, रात्रीपासून पाण्याचा घोट नाही. "सर, पाय उचलत नाय. नऊशे ग्रॅम नाय निघायचं आता."

उपवासातलं मला कळतं. निर्जळीच्या दिवशी मीही सारखी घड्याळाकडे पाहिलं, तर दुपारीच चक्कर येते. घड्याळ बघायचं नाही, हातातलं काम बघायचं. मी तिच्याजवळ गेले.

"ग्रॅमचं नाव घेऊ नकोस. माझं मौन मोडलंय, मला प्रदक्षिणा घालायच्याच आहेत. तू माझ्याबरोबर चल. मोजायचं मी, तू नुसतं पळायचं."

"आणि चक्कर आली की तिथेच थांबायचं," सर म्हणाले. मग स्वतःही आमच्या मागे आले, टॉवेल घेऊन.

औदुंबराचा पार लहानसाच आहे. मी पाराच्या कडेने चालायचे, ती बाहेरून पळायची. माझी एक होईपर्यंत तिच्या तीन व्हायच्या. एरवी मी मनात मोजते. त्या दिवशी मोठ्याने मोजलं.

"एकवीस!"

"काय हो हे योगिनीताई?" शेजारच्या सुमनबाई फुलं घेऊन आल्या त्या तिथेच थबकल्या. "मौन सोडलं? आणि ही कोण, रेनकोट घालून?"

"सविता आहे. वजन उतरवतेय. बावीस!"

"देवाच्या दारात?"

"मग कुणाच्या दारात उतरवू, सुमनबाई? तेवीस!"

त्यांनी घटकाभर पाहिलं. फुलं देवापुढे ठेवली, पदर खोचला आणि टॉवेल सरांच्या हातातून काढून घेतला. "तुम्ही घड्याळ बघा, मास्तर. पोरीचं तोंड मी पुसते."

साठ झाल्या. ऐंशी झाल्या. सुटाच्या बाह्यांतून घाम असा गळत होता, की फरशीवर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटत होते. शहाण्णवला तिचे गुडघे वाकले. सर पुढे झाले, तिने हातानेच त्यांना थांबवलं. मी उभ्या आयुष्यात कधी ओरडले नाही, पण तेव्हा ओरडले.

"सत्त्याण्णव!"

तिने पाय उचलला.

"अठ्ठ्याण्णव!"

एकशे आठला ती पाराला टेकून बसली. सरांनी तिला माझ्या गोधडीत गुंडाळलं, आणखी वीस मिनिटं घाम काढला. घरच्या काट्यावर ५६.८. रिक्षात ती एका वाटीत थुंकत बसली होती, तोंडातलं पाणीही नको म्हणून. हॉलमधल्या काट्यावर ती चढली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. कुणीतरी मोठ्याने वाचलं, "छप्पन पॉइंट सात!" आणि सुमनबाईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की अजून दुखतेय.

मी मनाशी ठरवून टाकलं आणि सुमनबाईंना सांगितलंही. सविता जिंकेपर्यंत मीठ मी खाणार नाही. कुठलंच नाही. सैंधवसुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल खच्चून भरला होता. सविताचे आईवडील, भागीबाई आणि झिपरूभाऊ, जीपने आले होते. भागीबाईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी होत्या. "लय मारामारी राहील का वो?" त्यांनी माझ्या कानात विचारलं.

"थोडी राहील," मी म्हणाले. मलाच धीर नव्हता.

घंटा झाली! आरोही उंच, पाय लांब. पहिल्या फेरीत तिच्या लाथा सविताच्या मांडीवर चटाचट बसत होत्या आणि प्रत्येक लाथेला झिपरूभाऊ खुर्चीत उडत होते. सविता आत घुसायची, ठोसा ठेवायची, बाहेर. मी आधी बोटांच्या फटीतून बघत होते. मग बोटं कधी खाली आली, कळलंच नाही.

दुसऱ्या फेरीत सविताने तिला उचलून आपटलं! हॉल उभा राहिला. पण आपटल्या आपटल्या आरोहीने खालूनच तिचा हात पकडला, दोन्ही पाय तिच्या खांद्यावरून टाकले आणि तो हात ताणायला लागली. तोच हात. पहिल्या लढतीतला.

"कोपर आत! कोपर आत!" महेश सर जाळीबाहेरून ओरडत होते. भागीबाईंनी माझं मनगट आवळलं. सविताचा चेहरा आमच्याच बाजूला होता, डोळे गच्च मिटलेले. आता ती दुसऱ्या हाताने थाप मारणार, म्हणजे हार मान्य, आणि संपणार सगळं.

मी उभी राहिले.

"सत्त्याण्णव!"

पुढच्या रांगेतले सगळे वळून बघायला लागले. बघू देत!

"अठ्ठ्याण्णव!"

"नव्व्याण्णव!" सुमनबाई माझ्याहून मोठ्याने. "शंभर!" झिपरूभाऊंना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, पण तेही उठले. पाठीमागच्या कॉलेजच्या मुली मोजायला लागल्या. एकशे एक! एकशे दोन! सविताने डोळे उघडले. अंगठा वर फिरवला, कोपर इंच इंच आत ओढलं, खांदा खाली रोवला, आणि हात सुटला! सुटला तशी ती सर्रकन आरोहीच्या पाठीवर गेली, हनुवटीखालून हात घातला आणि आवळला. मग मोजायचं भानच कुणाला राहिलं नाही. आरोहीने सविताच्या दंडावर थाप मारली. एकदा, दोनदा. पंच मध्ये पडले.

सविता सगळ्यात आधी तिला उठवायला वाकली. दोघी तशाच गळ्यात गळा घालून उभ्या राहिल्या. मग पट्टा आला. तो कमरेला बांधताना ती रांगेत आम्हाला शोधत होती. मी हात हलवत होते, हाक मारायला आवाजच उरला नव्हता.

बाहेर आली ती थेट आईच्या मांडीवरचं फडकं सोडायला बसली. भाकरी, आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा. "घ्या, मावशी."

मी भाकरी घेतली, ठेच्याकडे पाहत राहिले.

"का वो? तिखट चालत नाय?" भागीबाईंनी विचारलं.

"दोन दिवस अळणी खातायत त्या," सुमनबाईंनी सांगून टाकलं. "हिच्यासाठी."

सविताने भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा चांगला जाड लावला आणि माझ्या तोंडाशी धरला. "आई, यात मीठ कुठलं?"

"म्हंजी? मिठासारखं मीठ."

"मग घ्या, मावशी. आज सगळं चालतंय."

डोळ्यांतून पाणी आलं. मिरची फार तिखट होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मौन पाळायला मला काही कष्टच पडले नाहीत. घसा पुरता बसला होता. परडी घेऊन बाहेर पडले, तर ओट्यावर सविता काट्यावर उभी. सुजलेला डोळा, खांद्यावर पट्टा, हातात उरलेली भाकरी.

"मावशी, बघा! एकसष्ट!" आणि तिने काट्यावर उभ्या उभ्याच आणखी एक घास तोडला.