बेल काढलेलं दार

"काका, तिला जरा डावा हात वर करायला सांगा ना. बँडेज फ्रेममध्ये येत नाहीये."

दवाखान्यातून घरी आणलेल्या पोरीला टॅक्सीतून उतरायला जागा नव्हती आणि या कॅमेरेवाल्या पठ्ठ्याला फ्रेमची पडली होती. बापाने आपलं जाकीट तिच्या खांद्यांवर टाकलं आणि कोपराने बातमीदारांची गर्दी सारत तिला जिन्यापर्यंत नेलं.

"स्पर्धेपर्यंत हात बरा होईल का?"

"मॅडम, अनोळखी माणसाला दार उघडलंतच का?"

मागच्या आठवड्यात भरदुपारी बेल वाजली होती. पार्सल आलंय म्हणून तिने दार उघडलं, आणि पार्सलवाल्याने चाकू काढला. हात मध्ये घातला म्हणून गळा वाचला. पण ती पडली डावखुरी बॅडमिंटनपटू, तेव्हा जीव वाचला ही बातमीच झाली नाही. 'सोन्याचा हात गेला' असे मथळे आले. चॅनेलवर एक हाडांचे डॉक्टर आणि एक माजी खेळाडू तिच्या मनगटावरून हमरीतुमरीवर आले. चाकूवाला पळाला तो पळालाच. त्याचं काय झालं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

घरी आल्यावरही बातमीदार बेल वाजवायचे थांबेनात. दर बेलला ती दचकायची. आई कधीच गेलेली, घरात हे दोघंच. शेवटी बाप स्टुलावर चढला आणि त्याने बेलची वायरच उपटून टाकली.

"आता वाजवा म्हणावं," तो करवादला. "सारखं आपलं हात, हात, हात. हाताच्या मागे एक माणूस आहे, याचा कुणाला पत्ता नाही. डोकं उठवलंय नुसतं."

खेळाच्या सामानाच्या दुकानात रॅकेटला तारा भरण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. चिडला की घरीही तो तेच करत बसायचा. आताही खिडकीजवळच्या मशीनवर त्याने तिची रॅकेट चढवली, तणतणतच तारा ओढल्या, शेवटची गाठ मारली आणि सवयीने रॅकेट तिच्यापुढे धरली.

"बघ, नेहमीसारखीच ताणलीय. का सुरुवातीला जरा सैल ठेवू?"

ती रॅकेटकडे बघत राहिली.

"बाबा, तुम्हीपण?"

बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला दाराशी जायची भीती वाटते," ती म्हणाली. "तुम्ही दुकानात गेलात की मी काय करायचं, हे कुणी विचारलंच नाही."

"चुकलं माझं," तो म्हणाला आणि त्याने रॅकेट कपाटामागे सारली.

तिच्यासाठी घेतलेली सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी तो दुकानातून लवकर निघाला. खाली कॅमेरेवाला होताच. "काका, सराव कधी सुरू?" बापाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पहिल्या मजल्यापासूनच तो मोठ्याने बोलू लागला.

"मी आहे गं. एकटाच आहे."

दाराला आतून कडी होती. पावलं दारापर्यंत आली, थांबली आणि परत गेली.

"घाई नाही काही," तो म्हणाला. पावाची पिशवी मांडीवर घेऊन तो पायरीवर बसला आणि दुकानातली गंमत सांगू लागला. मालक स्वतःचाच चष्मा कसा दुपारभर शोधत होता आणि तो गिऱ्हाइकाच्या नाकावर कसा निघाला.

पावलं पुन्हा आली. कडी जराशी सरकली.

त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"तर मालक काय म्हणाला माहितेय," तो सांगत राहिला.