‘शांत राहा’ म्हणणारी पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो, आणि मला कुणीही वाचत नाही. मेकाँग नदीकाठच्या दवाखान्यात, बाकांच्या वर, मी तीस वर्षं टांगलेली आहे. रंगारी थोंगसायनं सागाची फळी घासून माझ्यावर निळ्या अक्षरांत ‘शांत राहा’ असं लिहिलं, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले होते, “झकास!” तेही ओरडूनच.

माणसांची जात मी तेव्हाच ओळखली. माझ्याखाली बसून ती कोंबड्यांचे भाव करतात, जावयांची उणीदुणी काढतात. “गप्प बसा!” म्हणणारा कंपाउंडर सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो. माझ्या खिळ्याला छत्र्या अडकवतात. अंगावरून पाली फिरतात. चुकचुकतात त्याही, पण हळू.

गेल्या महिन्यात डोळ्यांचे डॉक्टर आले. ते महिन्यातून एकदाच येतात आणि ऑपरेशनवाल्यांना दुपारच्या होडीनं शहरात घेऊन जातात. बुआफान आजीला मोतीबिंदू, नंबर सत्तावीस. नंबर पुकारणाऱ्या नर्सचा घसा बसलेला. नंबर चुकला की होडी चुकली. आणि शेजारी खामसिंग नावाचा आडदांड गडी मोबाइलवर होड्यांची शर्यत लावून बसलेला. “मार! मार वल्हं!” मोबाइलही ओरडे, तोही.

“काय म्हणाली गं नर्स? पंचवीस की सत्तावीस?” आजी कावरीबावरी झाली.

आजीच्या दुसऱ्या बाजूला लात्सामी नावाची बाई बसली होती, मांडीवर तिचं रडकं पोर. परक्या माणसाला चारचौघांत टोकणं म्हणजे त्याची अब्रू घेणं. आमच्याकडे तसं कुणी करत नाही. मी म्हटलं, झालं! या ठोंब्यापुढे आजीची होडी गेली.

लात्सामी हसली. “दादा, एवढ्या गलक्यात तुम्हाला शर्यत ऐकू येते? कान तिखट हो तुमचे!”

“मग! आमच्या गावची होडी आहे.”

“मग या आजीचा सत्तावीस तेवढा ऐकाल? तिला दिसत नाही, आणि मला हे कार्टं ऐकू देत नाही.”

खामसिंगनं आजीचे पांढुरके डोळे पाहिले. मोबाइल बंद करून खिशात टाकला. मग छाती फुगवून गरजला, “ए, हळू बोला रे! मी आजीचा नंबर ऐकतोय!”

सत्तावीस पुकारला, तेव्हा त्यानंच तिला हाताला धरून आत नेलं.

माणसांबद्दल माझं मत बदललेलं नाही. आज खामसिंग पुन्हा शर्यत लावून बसलाय. पण मित्रांनो, मी तीस वर्षं हुकूम सोडला, आणि लात्सामीनं त्याला नुसतं एक काम सांगितलं. तेवढं शिका. आणि जाता जाता माझ्यावरची छत्री काढा.

काल आजी तपासणीला आली होती. वर पाहत थबकली. “अगं बया, इथं पाटी आहे होय? शां-त रा-हा!”

तीस वर्षांत मला वाचणारी ती पहिली. तेही ओरडूनच.